तिला न्यायला कुणी आलं नाही

मुळशी धरणाच्या अलीकडे आमचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. पुढची इमारत पुरुषांची, मागच्या तीन खोल्या बायकांच्या. मी तिथे समुपदेशक म्हणून लागले तेव्हाच सिस्टर म्हणाल्या होत्या, "पुरुषाला बरं करायला आणतात. बाईला लपवायला." मला ते फार कडवट वाटलं होतं.

मग नेरे गावची ती दाखल झाली. चाळिशीची, हात थरथरत होते. तिचा नवरा आधी आमच्याकडेच राहून गेला होता. दर रविवारी तीच त्याला डबा आणायची. आपणही पितो, हे तेव्हा तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. सतत वेलची चघळायची. तिच्यासाठी मात्र एकाही रविवारी कुणी आलं नाही. माहेरी गेलीय, असं घरच्यांनी गावात सांगितलं होतं.

ती सावरली. भाकरी जाऊ लागली, झोप लागू लागली. इतर बायकांच्या वेण्या घालून द्यायची. घरी सोडायची वेळ आली, पण फोन कुणी उचलेना. शेवटी सिस्टर आणि मीच तिला नेऱ्याला घेऊन गेलो. खालच्या खोल्या आयटीतल्या मुलांना भाड्याने दिलेल्या. सासू वरून आली आणि जिन्यातच थांबली.

"हितं नको. पोरीचं लगीन जमतंय. पाव्हण्यांना कळलं तर?"

"आत्याबाई, मी आता पीत न्हाई."

"पर पीत व्हतीस ना?"

मागे नवरा उभा होता. "आई म्हणतीया ते बराबर हाय," एवढंच बोलला.

आम्ही तिला परत आणलं. सिस्टर म्हणाल्या, स्वयंपाकघरात ठेवून घेऊ. डॉक्टर म्हणाले, "खाट अडते. बाहेर दुसरी ताटकळतेय." दोघांचंही खरं होतं. राहायच्या जागेसकट काम मिळालं ते धरणाकाठच्या रिसॉर्टवर, स्वयंपाकाचं. शनिवार-रविवारी तिथे बाटल्यांचा खच पडतो, हे आम्हाला ठाऊक होतं. तिलाही.

भातकापणीच्या सुमारास रिसॉर्टच्या टेम्पोने तिला फाटकाशी आणून सोडलं. साडी उलटीने भिजलेली. सिस्टरनी तिला धरून उठवलं.

"लई लाज वाटतीया, सिस्टर."

"असू दे. आधी तोंड धू."

खाट रिकामी नव्हती. खोल्यांसमोरच्या बोळात आम्ही गादी घातली. तिच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात लागलं होतं. रिसॉर्टवर जेवायला आलेल्या गावातल्या माणसांच्या बोलण्यातून तिला ते कळलं होतं.