दामाजी मिस्त्री आणि गळका रॅक

माझ्या बापाला कोणी भोळा म्हटलं की माझं डोकं फिरतं. दामाजी मिस्त्री भोळा नव्हता. गिऱ्हाइकाने गाडी शेडसमोर उभी करून इंजिन बंद करायच्या आत तो सांगायचा, काय बिघडलंय आणि गिऱ्हाईक त्यातलं किती लपवतंय. फक्त एका माणसाच्या बाबतीत त्याने डोळे मिटून घेतले होते, आणि तेही जाणूनबुजून.

तो माणूस म्हणजे नाथाकाका. आम्ही कोपरीचे कोळी. खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी गेली, तेव्हा हे दोघे मित्र होडीचं इंजिन सोडून मोटारींकडे वळले. रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकली. होडीवर बाबा तांडेल, म्हणजे कप्तान, आणि नाथाकाका खलाशी. शेडमध्येही तेच चालू राहिलं. बाबाच्या होडीवर एक रीत होती. खलाशाने मारलेली गाठ तांडेलाने ओढून बघायची नाही. ओढून बघितली म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडलं. त्यामुळे स्वतः आवळलेला नट बाबा दोनदा तपासायचा, पण नाथाकाकाने आवळलेल्या नटाला त्याने कधी हात लावला नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला त्र्यंबकराव आपली विलायती गाडी घेऊन आले. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता. गाडी सोळा वर्षांची, लांबलचक, हिरवीगार, पॉवर स्टिअरिंगची. पूर्वी एका बोटाने स्टिअरिंग फिरायचं म्हणे. आता दोन्ही हातांनी फिरेना, कारण चाकं वळवणाऱ्या रॅकमधून तेल गळत होतं. मुंबईतल्या दोन गॅरेजवाल्यांनी नवा रॅक विलायतेहून मागवा म्हणत हात वर केले होते. आणि मे महिन्यात त्र्यंबकरावांच्या मुलीचं लग्न. तिची पाठवणी याच गाडीतून करायची, हा त्यांचा हट्ट.

बाबा गाडीखाली सरपटत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"रॅक चांगला हाय, साहेब. आतली रबरी सिलं मेलीत. ती आपून हितंच बनवू."

"आणि परत गळलं तर?"

"एक थेंब पडला, तर हा दामाजी परत पाना हातात धरनार नाय."

नाथाकाका शेजारीच उभा होता. रस्त्यावरची चार माणसंही होती. माझ्या आईच्या, भागीरथीच्या कानावर हे गेलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "रबरावर कोन शपथ घेतं गो बाय?" ती मला म्हणाली.

दोन महिने बाबा त्या सिलांच्या मागे हात धुऊन लागला. विठ्ठलवाडीच्या एका रबरवाल्याकडून त्याने साचा करून घेतला. पहिली सिलं गरम तेलात फुगली. दुसरी कडक होऊन तडकली. तिसरी त्याने आईच्या मच्छीच्या पातेल्यात, स्टिअरिंगच्या लाल तेलात दिवसभर तापवली. आईने शिव्यांची लाखोली वाहिली. संध्याकाळी बाबाने ती तळहातावर घेऊन मला दाखवली. "बघ नंदा, केसभर पन वाढली नाय." मी मॅट्रिक झाले तेव्हाही तो इतका खूश झाला नव्हता. मला त्या रबराचा चक्क हेवा वाटला.

आणि सिलं बसवायच्या दिवशी बाबाला कावीळ झाली. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. बाबाने सिलं फडक्यात गुंडाळून नाथाकाकाकडे दिली. "तू बसव," इतकंच म्हणाला.

चौथ्या दिवशी नाथाकाका सांगत आला, "बसवली. टिपूस नाय." बाबा भिंत धरत शेडपर्यंत गेला. गाडीखाली पसरलेला पेपर कोरडा होता. त्याने नाथाकाकाच्या पाठीवर थाप मारली आणि घरी येऊन झोपला. त्र्यंबकराव गाडी घेऊन गेले.

लग्नाला आठ दिवस असताना खडवलीजवळच्या वळणावर स्टिअरिंग एकाएकी जड झालं आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आदळली. त्र्यंबकरावांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकला बांधून आमच्या शेडवर आली. मागोमाग हाताला प्लास्टर घातलेले त्र्यंबकराव आले.

"दामाजी, तुझ्या शब्दावर मी मुलीला या गाडीत बसवणार होतो," ते म्हणाले आणि निघून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबाने रॅक उतरवून स्वतः उघडला. मी ट्रे धरून उभी होते. आत जुनीच सिलं होती, भिजलेल्या पावासारखी फुगलेली. बोट लावलं की काळा लगदा हाताला यायचा. बाबाने वास घेतला. ब्रेक ऑइल. रस्त्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकला ही लबाडी ठाऊक असते. तेलात ब्रेक ऑइल मिसळलं की रबर फुगतं, चार दिवस गळती थांबते, मग रबरच विरघळतं. नाथाकाकाने रॅक उघडलाच नव्हता.

आमची सिलं कुठे गेली, तेही कळलं. नाथाकाका गुपचूप कल्याणात स्वतःचं गॅरेज उभं करत होता. तिथल्या एका कंत्राटदाराकडे अशीच गाडी होती. आईच्या पातेल्यात तापलेली सिलं त्या गाडीत बसली आणि त्या कामाच्या नावावर नाथाकाकाचं गॅरेज चालू झालं. आमच्या शेडकडे तो पुन्हा फिरकला नाही.

"त्र्यंबकरावांना जाऊन सांग," मी बाबाला म्हटलं.

"काय सांगू? गाडी माझ्या शेडमधून गेली. शब्द माझा व्हता."

त्याने सगळे पाने रॉकेलने पुसले, पेटीत ठेवले आणि पेटी विकून टाकली. दुसऱ्या आठवड्यापासून माझा बाप, ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं कळायचं, तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागला.

दोन वर्षांनी नाथाकाका दारात आला. कंत्राटदाराची गाडी पुन्हा गळत होती.

"दाम्या, एकदा येऊन बघ रं. मना जमत नाय."

बाबाने आईला चहा टाकायला सांगितला. माझा मात्र तोल गेला. "नाथाकाका, बाबाने शब्द दिला तेव्हा तू शेजारीच उभा होतास ना रे?"

"होतू," तो कपाकडे बघत म्हणाला. मग बाबाकडे वळला. "मना वाटलं, गाडी द्यायच्या आधी तू एकदा उघडून बघशीलच. माझी चोरी धरशील, दोन शिव्या घालशील, नि आपून परत नवी सिलं बनवू. तू बघितलंसच नाय, दाम्या."

म्हणजे चूक माझ्या बापाची! मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबाने हाताने मला थांबवलं.

"चा पी. थंड व्हतोय," तो म्हणाला.

नाथाकाका गेल्यावर बाबा उंबऱ्यावर जाऊन बसला. बर्फाने सोललेली बोटं एकमेकांवर चोळत होता.

"नंदा," त्याने विचारलं, "मी बघायला पायजे व्हतं का गं?"

अख्ख्या कोपरीत माझ्या तोंडाला कोणी लागत नाही. पण त्या दिवशी मी नाथाकाकाचा कप उचलला आणि विसळायला घेतला.