हॉट प्रेसमधला डबा

आयर्लंडमधल्या ट्रलीपासून गाडीने अर्ध्या तासावरच्या या गावात आम्ही राहतो, कारण नवरा ट्रलीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. माझी नोकरी पार डब्लिनला, ब्लँचर्डस्टाउनच्या सॉफ्टवेअर कंपनीत. दोन वर्षं आम्ही फक्त शनिवार-रविवारी एकत्र जेवलो. मग मॅनेजरने घरून काम करू दिलं, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. "इंटरनेटची रड एकदा जरी ऐकली, तर परत इकडे," असं तिने स्वच्छ सांगितलं. म्हणजे पुन्हा दोन घरं. ते मला नको होतं.

गाव कामाला चांगलं आहे. सकाळी बेकरीसमोर लॅपटॉपच्या बॅगा अडकवलेली माणसं दिसतात. जुन्या बँकेच्या इमारतीत टेबलं भाड्याने मिळतात. तिथे बसून कोणी डब्लिनचं काम करतं, कोणी लंडनचं. दुपारी सगळे बंदरापर्यंत चक्कर मारून येतात, पाऊस असला तरी. कोथिंबीर मिळत नाही. बाकी तक्रार नाही. शेजारी माझ्याच वयाची एक पोलिश बाई राहते. स्वयंपाकघरातल्या टेबलावरून ती पोलंडमधल्या एका कंपनीचे हिशेब बघते. त्या दिवसापर्यंत आमचं बोलणं हवापाण्यापुढे गेलं नव्हतं.

बोलीचा शेवटचा आठवडा होता आणि ग्राहकासमोर माझा डेमो. लॅपटॉप उघडते तर राउटरचा दिवा लाल. मोबाईलला जेमतेम एक काडी. बँकेतली टेबलं उघडायला अवकाश होता. मी घरमालकिणीला फोन लावला.

"अगं, दुसरा एक पांढरा डबा आहे," ती म्हणाली. "तो बंद करून चालू कर. युअर मॅननं तो हॉट प्रेसमध्ये बसवलाय. मग सगळं ग्रँड!" आणि फोन ठेवला.

युअर मॅन म्हणजे माझा नवरा, दुसरं कोण? आणि प्रेस म्हणजे इस्त्री. आपण कपडे प्रेसलाच टाकतो. डब्लिनच्या ऑफिसात निम्मी मंडळी पुण्याची, त्यामुळे इकडचं इंग्रजी कानावर पडलंच नव्हतं. मी इस्त्री उलटी करून पाहिली. इस्त्रीच्या टेबलाखाली वाकून पाहिलं. नवऱ्याला मेसेज केला, "पांढरा डबा इस्त्रीत का ठेवलास?"

उत्तर आलं, "राउंडवर आहे. तू बरी आहेस ना?"

मी शेजारणीचं दार वाजवलं. हॉट प्रेस म्हणजे काय, एवढंच विचारलं. ती हसायलाच लागली.

"आमच्याकडे प्रासा म्हणजे वर्तमानपत्रं. मी आले तेव्हा मला वाटलं, घरमालकीण मला गरमागरम बातम्यांत टॉवेल ठेवायला सांगतेय! अगं, इथे प्रेस म्हणजे कपाट. गरम पाण्याच्या टाकीचं कपाट ते हॉट प्रेस."

"आणि माझ्या नवऱ्यानं तिथे डबा कधी बसवला?"

"तुझा नवरा कशाला? युअर मॅन म्हणजे कोणीही बाप्या. वायरवाला असेल."

टाकीचं कपाट मला चांगलं माहीत होतं. आईने पाठवलेल्या गोधड्या मी त्यातच कोंबल्या होत्या, कारण या घरात दुसरं काही कोरडं राहत नाही.

शेजारणीने घड्याळाकडे पाहिलं, टेबलावरचे स्वतःचे कागद उचलले आणि मला खुर्ची दिली. "तू इथे बस. वायफायचा पासवर्ड फ्रिजवर आहे. तुझी किल्ली दे, डबा मी बघते."

तिच्या कोबीच्या पातेल्याकडे पाठ करून मी डेमो दिला. एकदाही अडकला नाही. ग्राहक गेल्यावर मॅनेजर म्हणाली, "मागे भिंत वेगळी दिसतेय."

मी सरळ सांगितलं, "माझं इंटरनेट गेलंय. शेजारणीच्या घरात बसलेय."

ती म्हणाली, "असे शेजारी आम्हाला डब्लिनात मिळत नाहीत. राहा तिथेच."

घरी गेले तर राउटरचा दिवा हिरवा. गोधडीच्या दाबाने डब्याचा प्लग ढिला झाला होता. शेजारणीने तो घट्ट बसवून गोधड्यांच्या घड्या वरच्या फळीवर रचल्या होत्या, माझ्यापेक्षा नीट. मी तिला पोहे नेऊन दिले. तिने शेंगदाणे आधी वेचून खाल्ले.

नवरा जेवायला घरी आला. मंगळवारी.

"सापडला का तुझा डबा?"

"सापडला. युअर मॅननं ठेवला होता."

"मी?"

"तू नाही रे. जेव."