खवल्या मांजराचा फोटो

गावामागच्या राखीव जंगलातल्या एका वळणावर अजूनही माझी पावलं मंदावतात. गेल्या हिवाळ्यात, नुकतं उजाडलेलं असताना, तिथं मला खवल्या मांजर दिसलं होतं. माझी चाहूल लागताच त्यानं तोंड पोटाशी घेतलं, शेपटी भोवती गुंडाळली आणि ते खवल्यांचा गोळा होऊन पडून राहिलं. त्याला पळून जाणं जमत नाही, चावणंही नाही. मी फोटो काढला. बऱ्याच वेळानं ते हळूच उलगडलं आणि उतारावरच्या बिळात शिरलं.

वनरक्षक सुनंदाताईंना सांगितलं तेव्हा त्या हरखून गेल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं इथं फिरतेय काका, मला एकदाही दिसलं नाही. पण कुणाला बोलू नका हं. खवल्यांसाठी मारतात हो त्याला."

मी मान डोलावली. पण दुर्मीळ काही दिसलं, की दुसऱ्याला दाखवल्याशिवाय ते आपण पाहिलं असं वाटतच नाही. दुपारी शाळासोबत्यांच्या ग्रुपवर मी फोटो टाकला, जागेच्या नावासकट.

आठवड्याभरानं सुनंदाताई त्या उतारावर उभ्या दिसल्या. बीळ कुदळीनं खोलवर खणलेलं होतं.

"कुणाला बोलला होतात का, काका?"

"छे, नाही."

"तुम्ही नाहीच बोलणार. उगाच विचारलं." त्या खाली बसल्या आणि मोकळी माती हातांनी बिळात लोटू लागल्या. मीही शेजारी बसलो आणि माती लोटू लागलो.