आत लावलेली पाटी

आमच्या वन्संना, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेला, या भूतलावर कशाचीही भीती वाटत नाही, असं मी लग्न होऊन बोईसरला आले तेव्हापासून छातीठोकपणे सांगत आले आहे. भर बाजारात आडव्या पसरलेल्या बैलाला त्यांनी "ऊठ" म्हटल्यावर तो उठलेला मी पाहिला आहे. रिक्षात जादा माणूस कोंबणाऱ्या रिक्षावाल्याला त्यांनी एकदा बोईसरपासून बेटेगावपर्यंत इतकं शांतपणे सुनावलं, की उतरताना त्यानेच "सॉरी मावशी" म्हटलं. लग्नातला आचारी आमटीत तेलाचा तवंग सोडायच्या आधी वन्सं कुठल्या पंगतीला बसल्या आहेत ते बघून घेतो. अशा या बाईंना कुणी "तुम्ही काय करता?" एवढं विचारलं की मात्र त्यांची नजर पदराच्या काठावर जायची आणि उत्तर यायचं, "घरीच असते."

त्या घरी नसायच्या. तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यावर सुपरवायझर असताना त्यांची पाठ धरली, झोप उडाली, आणि त्या दुखण्यापायी त्या निसर्गोपचाराकडे वळल्या. वळल्या म्हणजे वन्संच्या पद्धतीने वळल्या. रीतसर शिकल्या, परीक्षा दिल्या, नोकरी सोडली आणि बेटेगावला दोन खोल्या भाड्याने घेऊन केंद्र काढलं. मातीचे लेप, वाफ, मालिश, आसनं, खाण्यापिण्याची शिस्त, सगळं तिथे होतं. नव्हता फक्त पेशंट. येणार कुठून? पाटी त्यांनी आतल्या भिंतीवर लावली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, "आत आलेल्या माणसाला कळायला नको का, कुठे आलोय ते?" आत येणार कोण, हा प्रश्न त्यांनी मला विचारूच दिला नाही. वर्ष उलटल्यावर घरमालकीणबाई एकदा फाटलेलं पोलकं घेऊन दारात उभ्या राहिल्या. वन्संनी कपाळाला हात लावला तेव्हा त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "ताई, आमाला वाटलं तुमी शिवणाचा क्लास घेता. नाय?"

प्रयत्न केले नाहीत असं नाही. माझ्या आग्रहाखातर त्यांनी हँडबिलं छापली आणि आम्ही दोघी पालघर स्टेशनाबाहेर वाटायला उभ्या राहिलो. कुणी कागद हातात घेतला की वन्सं घाईघाईने सांगायच्या, "नाही आलात तरी चालेल हं." पुढे मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढला. झोप या विषयावर त्या इतक्या सुंदर बोलल्या, की काढता काढता मलाच डुलकी लागायची वेळ आली. पण स्वतःचं नाव नाही, केंद्राचं नाव नाही, बेटेगावचा उल्लेखही नाही. खाली लोकांनी लिहिलं, "पत्ता द्या." वन्संनी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवलं. मी चिडले तर म्हणाल्या, "अगं, आपलं कौतुक आपणच करायचं म्हणजे आपल्याच पाठीला मालिश करण्यासारखं आहे. हात पोचत नाही." वर, कंबरदुखीची चौकशी करणाऱ्या एका बाईंना त्यांनी स्वतःहून पालघरच्या दुसऱ्या केंद्राचा रस्ता समजावून दिला, कुठल्या बाजूची रिक्षा धरायची त्यासकट.

अखेर माझे यजमान म्हणाले, "ताई, कंपनीवाले परत बोलावतायत. जा." वन्संनी वाद घातला नाही, त्यावरूनच मी काय ते ओळखलं. महिनाअखेरीला खोल्या सोडायचं ठरलं. मी सामान बांधायला गेले, तर त्या वाफेच्या पेटीवर बसून पडद्यांच्या घड्या घालत होत्या. घडी मोडायच्या, पुन्हा घालायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "येतं गं मला सगळं. सांगताच येत नाही."

त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये बायकांसाठी आरोग्याचं व्याख्यान होतं. नावाला व्याख्यान, खरं तर एक गुळगुळीत चेहऱ्याचे गृहस्थ कसलीशी पावडर विकायला आले होते. वन्संचं मन जरा रमेल म्हणून मी त्यांना ओढून नेलं आणि आम्ही मागच्या रांगेत बसलो. गृहस्थांच्या पावडरीने गुडघे, साखर, रक्तदाब, केस गळणं, सगळं बरं होत होतं. पुढे बसलेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, "मला साखर आहे. गोळ्या चालू आहेत. त्या घ्यायच्या ना?" गृहस्थ हसून म्हणाले, "माताजी, आजसे गोली बंद." काकूंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली आणि शेजारणीला म्हणाल्या, "चला, सुटले एकदाची."

माझ्या बाजूची खुर्ची करकरली. वन्सं उभ्या होत्या.

"काकू, गोळ्या पर्समध्ये ठेवा," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही." गृहस्थांचं हसू तसंच होतं. त्यांनी गोडपणे विचारलं, "मॅडम, आप कौन?"

झालं. मी डोळे मिटले. आता "घरीच असते" येणार, याची मला खात्री होती. वन्संनी पदराचा काठ पकडलाही. मग त्यांची नजर काकूंच्या हातातल्या पट्टीवर गेली आणि त्यांनी काठ सोडला.

"मी निसर्गोपचार करते," वन्सं म्हणाल्या, बैलाला उठवणाऱ्या आवाजात. "रीतसर शिकलेय. बेटेगावला माझं केंद्र आहे, पिठाच्या गिरणीच्या मागे, निळं दार. साखर मी बरी करत नाही. झिजलेला गुडघा नवा करून देत नाही. पाठ धरली असेल, झोप येत नसेल, पोट साफ होत नसेल, तर या. आपल्या गोळ्या चालू ठेवून या. फरक पडला नाही तर मीच सांगेन, डॉक्टरकडे जा म्हणून." एवढं बोलून त्या बसल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. काकूंनी मान वळवून विचारलं, "सकाळी असता का हो?"

दुसऱ्या दिवशी काकू आल्या, गोळ्यांची पट्टी दाखवायला आणि पाठ दाखवायला. मग त्यांची जाऊ आली. मग पालघरजवळच्या माहीमहून एक वाडीवाल्या बाई आल्या, झोपेसाठी. आठवड्याभरात वन्संनी घड्या घातलेले पडदे पुन्हा लावले आणि पाटी उपटून बाहेर ठोकली. मी म्हटलं, "वन्सं, भीती गेली की काय?" त्या म्हणाल्या, "कुठली जाते? पण मी गप्प बसले की तो माणूस बोलतो, हे बघितलं ना." आता त्यांना आवरणं कठीण झालं आहे. परवा एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाची आई वाकून नमस्कार करत होती, तर आशीर्वादाच्या आधी यांनी विचारलं, "कंबर कधीपासून धरलीय?" आणि पत्ता दिला, गिरणीसकट.

केंद्र आता भरलेलं असतं. मला आनंद आहे, आणि तो खरा आहे. पण केंद्र रिकामं होतं तेव्हा दुपारी मी तिथे जायची. पेशंट नसल्यामुळे वन्सं सगळे प्रयोग माझ्यावर करायच्या. गरम पाण्यात पाय सोडून आम्ही दोघी बसायचो आणि त्या माझ्या सासूबाईंचे, म्हणजे स्वतःच्याच आईचे, किस्से सांगून मला हसवायच्या. त्या दुपारी आता होत नाहीत. मागच्या गुरुवारी सहज गेले तर बाकावर बायका बसल्या होत्या. मीही टोकाला बसले. वन्सं बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला काय होतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "अशीच आले."

त्या माझ्या शेजारी टेकल्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अंगठ्याने मानेखालची शीर हळूहळू मोकळी करू लागल्या. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात आतून कुणीतरी "ताई" म्हणून हाक मारली. हात तसाच थोडा वेळ राहिला, आणि मग त्या उठल्या.