सोमवारची चिमूट

मंगलाबाईंचा मला राग आला तो जूनमध्ये, आणि तो चांगला चार महिने टिकला. आज सांगताना माझी मलाच लाज वाटते.

गुजराती मुलखात, गोडादऱ्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते आणि मंगलाबाई बारा वर्षं कॅन्टीन चालवतात. मूळच्या नंदुरबारकडच्या, नवरा उखादादा लूमवर. आमच्या पोरांच्या आया सकाळीच साड्यांच्या कामाला जातात. निम्मी पोरं उपाशीच येत, सुट्टीत समोसा आणि रंगीत थंड बाटली पोटात ढकलत आणि माझ्या तासाला पेंगत. मीच ट्रस्टी भूपेंद्रभाईंच्या मागे लागून ते बंद करवलं. त्यांनी अट घातली: दिवाळीपर्यंत मुलं नवं खाणं खायला लागली तर ठीक, नाहीतर कॅन्टीन दुसऱ्याला देऊ. म्हणजे हौस माझी आणि पोटावर पाय मंगलाबाईंच्या!

आणि या बाईंनी पहिल्याच दिवशी काय करावं? ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मुगाची उसळ, सगळं झकास. सोबत मात्र घरी करतात तसा हिरव्या मिरचीचा ठेचा! खानदेशी हात तो. पोरं हाऽहू करत सरबताकडे धावली, तर त्यात माझ्याच सांगण्यावरून साखर नावाला. तोंडं वाकडी करून सगळी फाटकाबाहेरच्या गाडीवर पळाली आणि गाडीवाल्याच्या थंड बाटल्या दहा मिनिटांत संपल्या.

"अहो, पोरांना जेवू घालताय की जाळताय?" मी भडकले.

"चुकलं व माय," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण जीभ एका दिवसात नई बदलत, बाई."

दुसऱ्या दिवशी ठेचा जाऊन शेंगदाण्याची चटणी आली. आणि सरबताच्या पातेल्यात चांगल्या दहा मुठी साखर! मी कपाळावर हात मारला. हळूहळू कॅन्टीनसमोर रांग लागली, गाडीवाला माशा मारत बसला, पण माझा पारा काही उतरेना. साखर पाजून कुणीही गर्दी जमवेल, त्यात काय मोठं? चिडले तरी सुट्टीतला त्यांच्या हातचा चहा मात्र सोडला नाही. गोड चहाशिवाय माझं डोकं चालत नाही.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर मी भूपेंद्रभाईंकडे तक्रार केलीच. ते भर सुट्टीत येऊन उभे राहिले.

"मंगलाबेन, रुपालीबेन म्हणतात, तुम्ही साखरेवर पोरं जमवलीत. असं असेल तर कॅन्टीन तुमच्याकडे नाही राहणार."

मंगलाबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रोजचं पातेलं बाजूला सारलं, दुसऱ्यात तेवढंच पाणी, तेवढीच लिंबं घेतली, दहा भरगच्च मुठी साखर टाकली आणि रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या नववीतल्या धनश्रीच्या हाती पेला दिला.

तिने घोट घेतला आणि अंग आक्रसलं. "छी मासी, आ तो बहु गळ्युं छे! किती गोड! आमचं रोजचं द्या ना."

मागच्या तिघांनीही पेले खाली ठेवले.

"हे जूनचं सरबत शे," मंगलाबाई म्हणाल्या. "दर सोमवारी एकेका मुठीतली आणखी एक चिमूट डब्यात परत टाकत गेले. अठरा सोमवार झाले. आते मुठीत निम्मीच राहते."

ना चमचा, ना वजनकाटा, ना कुणाला पत्ता! मी फळ्यावर साखरेचे तोटे लिहून दमले होते आणि या बाईंनी अख्ख्या शाळेची जीभ चिमटीने वळवली होती. भूपेंद्रभाईंनी दोन्ही सरबतं चाखली, रोजचं पुन्हा मागून घेतलं आणि म्हणाले, "कॅन्टीन मंगलाबेनच चालवणार. विषय संपला."

ते गेल्यावर मी हात जोडले. "माफ करा मला. पण हे शिकलात कुठे?"

"आमच्या यांना शुगर निघाली ना. फिका चहा दिला की कप भिरकावून देत. मग अशीच चिमूट चिमूट काढली. आते दोन वर्षं बिनसाखरेचा पितात आणि गल्लीभर सांगतात, मंगलच्या हातचा चहा गोड शे."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलंच नाही?"

"कशाला? खूश शेत ना."

हसतच त्यांनी माझा चहा पुढे केला. मी घोट घेतला, आणि तो गिळायच्या आतच मला शंका आली.

"मंगलाबाई, माझा पण?"

"तुमना बी, बाई. जूनपासून."