सरांच्या दोन ओळी

फोनवर मोठा मजकूर दुमडला जातो आणि खाली ‘आणखी वाचा’ असे शब्द येतात. ते शब्द आले की सरांना हरल्यासारखं वाटायचं. “ज्याला आणखी वाचायला वेळ आहे त्याला माझी गरज नाही,” असं ते म्हणत. म्हणून एक श्लोक आणि त्याखाली अर्थाच्या दोन ओळी, एवढंच ते रोज पहाटे पाठवत.

आमच्या मराठी शाळेत ते संस्कृत शिकवत आणि मी ग्रंथालय सांभाळत असे. दोघेही निवृत्त झालो, तापीकाठच्या याच शहरात, उधन्यात, एकाच सोसायटीत राहिलो. सरांनी जुन्या विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा ग्रुप केला. त्यात रिंगरोडच्या मार्केटात साड्यांच्या गठड्या बांधणारे होते, कापडाच्या लूमवर पाळी करणारे होते, हजीऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये उभ्याने फोन बघणारे होते. कुणी गुलाबाचं चित्र टाकून सुप्रभात म्हटलं की सर लिहीत, “हे फूल पाण्यावाचून रोज कसं उगवतं, तेवढं कळवा.” पोरं हसत. एखादा लिहायचा, “सर, मस्त छे!”

अर्थ लिहिताना ते फार खोडत. एकदा त्यांनी लिहिलं होतं, ‘देव आहे का, असं विचारणारा अगदी एकटा नसतो. विचारायला त्याने कुणालातरी समोर धरलेलं असतं.’ या दोन ओळींसाठी त्यांनी आख्खी संध्याकाळ घालवली होती. मी म्हटलं, “सर, एवढ्यात एक प्रकरण लिहून झालं असतं.” ते म्हणाले, “प्रकरण लिहिणं सोपं आहे हो. त्यात लपायला जागा असते.”

संध्याकाळी मजकूर तयार करून ठेवायचा, पहाटे पाठवायचा, फोन उलटा ठेवायचा आणि पूजेला बसायचं, ही त्यांची शिस्त होती. आधी आपण द्यावं, मग दुसऱ्याचं वाचावं, असं त्यांना वाटे. श्लोकही पोथीतल्या क्रमानेच जात. कुठला कधी येईल ते सर ठरवत नसत.

त्या शिस्तीनेच घात केला. सुशीला लिंबायतला राहायची, घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. तिचा मुलगा भूषण सरांचा विद्यार्थी. कडोदऱ्याहून पाळी संपवून येताना हायवेवर ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली. रात्रीच कुणीतरी तो गेल्याची बातमी ग्रुपवर टाकली होती. पहाटे त्या बातमीखाली सरांच्या ओळी येऊन बसल्या: ‘शहाणा माणूस गेलेल्यासाठी रडत नाही. जे खरं असतं ते कुठे जातच नाही.’ त्याखाली नेहमीसारखे जोडलेले हात येत गेले. ते भूषणसाठी होते की श्लोकासाठी, हे सांगता येत नव्हतं.

पूजेवरून उठल्यावर सरांनी ते पाहिलं आणि माझ्या दाराशी आले. मी म्हटलं, “अजून पुसता येईल.” ते म्हणाले, “तिने वाचलं असेल तर? मी लिहिलंच नव्हतं असं तोंड करून तिच्यासमोर कसा बसू?” आम्ही तसेच रिक्षाने निघालो.

सुशीला भिंतीला टेकून बसली होती. सरांना पाहून तिने पदर सावरला आणि घरच्या बोलीत म्हणाली, “मना पोऱ्या गया, सर. आनि तुम्ही सांगतस, रडू नका.”

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले. “ते तुला सांगितलेलं नव्हतं, ताई,” एवढंच म्हणाले. तिने ऐकलं की नाही, कळलं नाही. त्याच दिवशी तिने ग्रुप सोडला.

परतताना रिक्षात सर म्हणाले, “श्लोक कुणीतरी कुणालातरी सांगितलेला असतो. इथे ऐकणारा रणांगणावर शस्त्र टाकून बसला होता, त्याला लढायला उठवायचं होतं. दोन ओळींत बसवताना मी ऐकणाराच कापून टाकला. मग उरला काय? हुकूम.”

सरांचा श्लोक बरेच दिवस ग्रुपवर आला नाही. सर मात्र दर रविवारी लिंबायतला जात, कधी मीही. सुशीला हातातलं काम करत भूषणबद्दल बोलत राही, सर ऐकत. एका रविवारी तिने मान वर न करता विचारलं, “सर, मना पोऱ्या आते कोठे व्हई?”

मी सरांकडे पाहिलं. या प्रश्नावर त्यांनी जन्मभर वाचलं होतं. त्यांनी जमिनीवर सांडलेला एक खडा उचलून तिच्या हाताशी ठेवला. मग म्हणाले, “पोथीत आहे त्यावर माझा विश्वास आहे. पण मला माहीत नाही, ताई. मी पाहिलेलं नाही.”

ती म्हणाली, “मंग तेच लिखा ना.”

दुसऱ्या पहाटे सरांनी श्लोक दिला, तो कुणी कुणाला सांगितला ते लिहिलं, आणि शेवटी, ‘गेलेला कुठे असतो, हे मला माहीत नाही.’ बँकेतून निवृत्त झालेले आमचे पाटील चिडले. “लोक आधारासाठी वाचतात, सर! तुम्हीच असं म्हटल्यावर?” सर म्हणाले, “आधारच द्यायचा तर भिंत खरी नको का, पाटील?” काही जण ग्रुपमधून गेले. सुशीलाने स्वतःहून सांगून आपलं नाव पुन्हा घालून घेतलं.

या हिवाळ्यात सर गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. तापीकाठी सगळं उरकून आम्ही परतलो, तेव्हापासून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, एका खुर्चीत बसून होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. येणारा प्रत्येक जण आत्म्याबद्दल काहीतरी सांगायचा आणि त्या मान हलवायच्या. मलाही पुष्कळ पाठ होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांना सांगावंसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी सुशीला आली. काकूंच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “काकू, सरांना जेवणात काय आवडायचं?”

“खिचडी,” काकू म्हणाल्या. “रोज खिचडी. कंटाळा आणला होता मला त्या माणसाने. पंगतीला जाऊन आले तरी घरी येऊन...” सुशीलाने त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. काकू मोठ्याने रडल्या, बराच वेळ. खोलीत आम्ही पुष्कळ माणसं होतो. कुणीही त्यांना थांबवलं नाही.