मॅनेजरचा दुपारचा पत्ता

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'मशीनवाले' म्हणायची. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटकुळे, नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ कायमची. दुकान म्हणजे एका जिन्याखालची अरुंद खोली. तिथे शिंप्यांची मशिनं यायची, कधीकधी घरगुतीही. पेचकस हातात घ्यायच्या आधी मशीनवाले चाक दोनदा फिरवून कान जवळ न्यायचे आणि सांगायचे, "शटल घासलंय," नाहीतर, "मशीन ठणठणीत आहे, सुई उलटी लावलीय." बहुतेक वेळा ते खरंच निघायचं. त्यांची अक्का म्हणायची, याला लोखंडाचं दुखणं आवाजावरून कळतं, माणसांचं मात्र तोंडावर सांगितल्याशिवाय कळत नाही.

अक्का त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला तेव्हा लहानग्या मुलीला घेऊन ती भावाकडे आली आणि तिथलीच झाली. मशीनवाल्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "राहून गेलं" एवढंच म्हणायचे. भाची मोठी झाली, लग्न करून सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी गेली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत भाऊ, बहीण आणि एक बोका असे तिघं उरले.

बोका राखाडी, पट्ट्यापट्ट्यांचा, सात वर्षांचा. अक्काने त्याचं नाव मॅनेजर ठेवलं होतं, कारण तो स्वतः काडीचं काम करायचा नाही, पण दुसरं कोणी काम करायला लागलं की समोर ठाण मांडून बघत बसायचा. मशीनवाल्यांशी त्याचं ना भांडण, ना सलगी. मॅनेजर अक्काचा, हे घरात धरूनच चाललेलं होतं.

यंदा अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीन मजले चढणं-उतरणं बंद पडलं. भाचीचं घर तळमजल्यावर. ती म्हणाली, आई आता माझ्याकडेच राहील. पण जावयाला मांजराच्या केसांनी सटासट शिंका यायच्या, त्यामुळे मॅनेजर मामाकडेच ठेवायचा, असं ठरलं.

निघताना अक्काने सगळं समजावून सांगितलं. "मासा उकडून, काटे काढून द्यायचा. पाणी रोज बदलायचं. गॅलरीची खिडकी उघडी ठेवायची. आणि त्याच्यावर ओरडायचं नाही, तो मनाला लावून घेतो."

"मी कशाला ओरडू?" मशीनवाले म्हणाले.

"मशीनवर ओरडतोस तसा."

अक्का गेल्यावर चार दिवस मॅनेजर पलंगाखालून बाहेरच आला नाही. पाचव्या दिवशी आला, मासा खाल्ला, मिशा पुसल्या. मशीनवाल्यांना हायसं वाटलं. पूर्वी दुपारचा डबा दुकानात यायचा. आता डबा द्यायला कोणी नव्हतं, म्हणून ते दुपारी घरी जेवायला येऊ लागले. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की दुपारी बोका घरात नसतो.

तो कुठे जातो, हे शोधायला फार कष्ट पडले नाहीत. गॅलरीत उभं राहिलं की शेजारच्या घराची खिडकी दिसायची. खिडकीत वेताची खुर्ची होती, खुर्चीत टायपिंगच्या बाई होत्या आणि बाईंच्या मांडीवर, चारी पाय वर करून, मॅनेजर झोपला होता.

मशीनवाले पटकन आत आले, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती.

टायपिंगच्या बाई म्हणजे शेजारच्याच. जन्मभर टायपिंगचा क्लास चालवला, आता निवृत्त. त्यांच्याशी मशीनवाल्यांचं गेली आठ वर्षं बोलणं नव्हतं. कारण असं की मशीनवाले तेव्हा अडलेली कामं घरी आणायचे आणि सुटीच्या दिवशीही मशीन चालवून बघायचे. बाईंनी इमारतीच्या बैठकीत सगळ्यांसमोर तक्रार केली, की हे घर आहे की कारखाना. मशीनवाल्यांनीही सगळ्यांसमोर उत्तर दिलं, की जिने चाळीस टाइपरायटरांच्या खडखडाटात जन्म काढला तिला माझं एक मशीन जड होतं, हे नवल आहे. लोक हसले. बाई उठून गेल्या. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आले तरी दोघंही पायऱ्या मोजत असल्यासारखे खाली बघायचे.

आणि आता मॅनेजर नेमका त्याच घरी जाऊन पडलेला. दुपारीच नव्हे, तर हळूहळू संध्याकाळीही. सकाळी यायचा, खायचा, घरभर एक फेरी मारायचा आणि गॅलरीच्या कठड्यावरून पलीकडे.

मशीनवाल्यांनी करता येईल ते केलं. घरी काम आणणं पूर्ण बंद केलं. हात साबणाने दोन-दोनदा धुतले, तेलाचा वास त्याला नको असेल म्हणून. एका गिऱ्हाइकाकडून मऊ कापडाची कात्रणं मागून गादी शिवली. मशीन दुरुस्त करणारा माणूस तीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी मशीनवर बसला. मॅनेजरने गादीची पाहणी केली, एकदा पंजा लावला आणि निघून गेला.

खरी पंचाईत रविवारची होती. दर रविवारी सकाळी दहाला अक्काचा व्हिडिओ कॉल यायचा. दोन मिनिटं भावाची चौकशी झाली की ती म्हणायची, "मॅनेजर कुठाय? दाखव की."

पहिल्या वेळी मशीनवाले म्हणाले, "झोपलाय." दुसऱ्या वेळी, "आत्ताच खाऊन गच्चीवर गेला." तिसऱ्या वेळी त्यांनी सकाळी काढून ठेवलेला फोटो पाठवला. अशा किती सबबी देणार? एका रविवारी तर त्यांनी कपाटातला जुना राखाडी स्वेटर गोळा करून पांघरुणाखाली ठेवला, जरासा बाहेर काढला आणि लांबूनच फोन फिरवून दाखवला. "बघ, गाढ झोपलाय. उठवत नाही."

"झोपू दे," अक्का म्हणाली आणि तोंड फिरवून खोकली.

फोन ठेवल्यावर मशीनवाल्यांना स्वतःची लाज वाटली. सख्ख्या बहिणीला आपण स्वेटर दाखवतोय. पण खरं तरी कोणत्या तोंडाने सांगायचं? अक्काने उभ्या आयुष्यात त्यांच्यावर एकच जीव सोपवला होता आणि तो जीव महिन्याभरात घर सोडून गेला होता, तोही टायपिंगच्या बाईंच्या मांडीवर. जेवताना त्यांची नजर खिडकीकडे जायची. घास गिळायचा, भांडं धुवायचं आणि दुकानात पळायचं, असं चाललं होतं.

तिसऱ्या महिन्यात अक्काचा फोन मधल्याच वारी आला. "गुरुवारी येतेय. गुडघा डॉक्टरांना दाखवायचाय. दोन दिवस राहीन."

"जिने?"

"थांबत थांबत चढेन. मॅनेजरला बघितल्याशिवाय जाणार नाही."

बुधवारी मशीनवाल्यांनी दुकान उघडलंच नाही. सकाळी मॅनेजर खायला आला तेव्हा त्याच्यामागे हळूच गॅलरीची खिडकी लावून घेतली. एकच दिवस, त्यांनी मनाशी म्हटलं, उद्यापर्यंत राहिला की झालं.

दुपारपर्यंत तो गप्प होता. एक वाजला आणि त्याने सुरुवात केली. आधी साधं म्याव, मग लांबलचक, मग अशी आर्त ओरड की खालच्या मजल्यावरून कोणीतरी दार उघडून बघितलं. मशीनवाले त्याच्यासमोर उकिडवे बसले. "अरे बाबा, एक दिवस कळ काढ," ते म्हणाले. "माझ्यासाठी नको, तिच्यासाठी काढ." मॅनेजरने त्यांच्याकडे बघितलं आणि आणखी वरचा सूर लावला.

दारावर थाप पडली. उघडलं तर समोर टायपिंगच्या बाई. पांढरे केस घट्ट बांधलेले, चष्मा हातात.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "ऐकवत नाही. त्याला दुखतंय का काही?"

आठ वर्षांनी कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मशीनवाल्यांनी दार आणखी थोडं उघडलं. "दुखत नाही," ते म्हणाले. "मी कोंडलाय."

"का?"

"उद्या अक्का येतेय. तिला वाटतंय तो इथे राहतो." मग, एवढं बोललोच आहोत तर, म्हणून पुढे म्हणाले, "बाई, मी तुम्हाला दोष देत नाही. त्याला माझ्याकडे करमत नाही, त्याला तुम्ही काय करणार. पण तिने तो माझ्या भरवशावर ठेवला होता."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला. "मी आत येऊ का?" त्यांनी विचारलं.

त्या आत आल्या आणि स्टुलावर अगदी टोकाला बसल्या. मॅनेजर धावत येऊन त्यांच्या पायांत घुटमळू लागला.

"हे मी सांगू नये असं अक्कांचं म्हणणं होतं," बाई म्हणाल्या. "पण तुमचं तोंड बघून राहवत नाही. तो तुमच्याकडून पळून आलेला नाही. तो गेली सहा वर्षं रोज दुपारी एक वाजता माझ्याकडेच येतो."

"सहा वर्षं?"

"जेमतेम वर्षाचा होता तेव्हा कठडा ओलांडून आला. अक्का त्याला न्यायला आल्या, चहाला बसल्या आणि मग रविवार सोडून रोजच यायला लागल्या. तुम्ही दुकानात असायचात. चार वाजता दोघं घरी जायचे."

मशीनवाल्यांनी भिंतीला हात टेकला. "अक्का तुमच्याकडे यायची? मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणायच्या. त्या बैठकीतलं तुम्ही फार मनाला लावून घेतलं होतं." बाईंनी मॅनेजरच्या पाठीवरून हात फिरवला. "मीही घेतलं होतं, म्हणून मीही गप्प राहिले."

"आणि संध्याकाळी? संध्याकाळीही तो तुमच्याकडेच असतो हल्ली."

"ते नवीन आहे," बाईंनी कबूल केलं. "संध्याकाळी त्याला अक्कांची सवय होती. तुम्ही दुकानातून आठला येता. तोवर रिकाम्या घरात काय करणार तो? रविवारी मी त्याला पावणेदहाला बाहेर काढते, अक्कांचा फोन असतो म्हणून. पण तो सरळ गच्चीवर जातो. त्याला मी तरी काय करू?"

"म्हणजे अक्काला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. शनिवारी मला फोन करतात. स्वेटरचंही सांगितलं त्यांनी. हसून हसून त्यांना ठसका लागला होता म्हणे."

खरं तर मशीनवाल्यांना राग यायला हवा होता. सहा वर्षं आपल्याच घरात आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक, बोक्यालासुद्धा. राग शोधायचा त्यांनी प्रयत्नही केला. पण तीन महिने मानेवर बसलेलं काहीतरी तेवढ्यात खाली उतरलं होतं आणि इतकं हलकं वाटत होतं की दुसरं काही सुचेना. त्यांनी चटकन जाऊन गॅलरीची खिडकी उघडली. मॅनेजर मागे न बघता कठड्यावर चढला.

"त्याला माझा वास आवडत नाही असं मला वाटत होतं," मशीनवाले म्हणाले.

"तेलाचा? माझ्याकडे दोन टाइपरायटर अजून आहेत. त्यांनाही तेलच लागतं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

गुरुवारी अक्का आली. मशीनवाल्यांनी प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची आधीच नेऊन ठेवली होती, तरी तिला वर यायला वीस मिनिटं लागली. घरात येऊन ती पलंगावर टेकली. मॅनेजर आला, तिची पिशवी हुंगली, तिचे हात हुंगले, मांडीवर चढून पाच मिनिटं गुरगुरला. मग एक वाजला तसा उतरला आणि गॅलरीतून चालता झाला.

मशीनवाले बहिणीकडे बघत उभे राहिले. बहीण भावाकडे.

"तो स्वेटर माझाच होता," अक्का म्हणाली. "मीच विणलेला. मला ओळखू येणार नाही का?"

"तू सहा वर्षं मला फसवलंस," मशीनवाले म्हणाले.

"तू तीन महिने. तुला सांगायला हवं होतं रे, माझं चुकलं. दर रविवारी वाटायचं आज हा सांगेल, मग मीही सांगेन. तू कधी सांगेनास." तिने त्यांचा हात ओढून त्यांना शेजारी बसवलं. "वाळलायस. जेवत नव्हतास का?"

"जेवत होतो."

"खोटं. त्यातही तू कच्चाच आहेस."

त्या दुपारी अक्का काठी टेकत शेजारी चहाला गेली. मशीनवाल्यांनाही बोलावणं होतं. ते दारापर्यंत गेले, दोन मिनिटं उभे राहिले, आत मात्र बसले नाहीत. एकदम सगळं त्यांना जमणार नव्हतं. बाईंनीही आग्रह केला नाही. चहाचा कप त्यांनी दारातच हातात दिला आणि मशीनवाल्यांनी तो उभ्यानेच घेतला.

डॉक्टरांनी गुडघा चांगला आहे म्हणून सांगितलं. शनिवारी भाची गाडी घेऊन आली आणि अक्का गेली.

सोमवारी मशीनवाले नेहमीसारखे दुपारी जेवायला घरी आले. घर रिकामं होतं, गॅलरीची खिडकी सताड उघडी. त्यांनी तिकडे मुद्दाम बघितलं नाही. ताट वाढून घेतलं, सावकाश जेवले, आणखी थोडं वाढून घेतलं. मग सहज म्हणून पलंगावर पाठ टेकली आणि त्यांचा डोळा लागला.

दुकान उघडायला पाऊण तास उशीर झाला. जिन्यापाशी एक शिंपी मशीनचं डोकं मांडीवर घेऊन ताटकळत बसला होता.

"काय हो, बरं आहे ना सगळं?" त्याने विचारलं. "तुम्हाला कधी उशीर होत नाही."

"बरंय," मशीनवाले कुलूप काढत म्हणाले. "झोप लागली होती. आण इकडे, काय म्हणतंय ते बघू."